डालग्याखालचा माणूस

फाल्गुन आला की लिहिणाऱ्यांना पळस दिसतो आणि कोकिळ ऐकू येतो. मला कोयतीचा आवाज ऐकू येतो. ऐनाच्या फांदीवर कोयती बसली की आधी एक ओला, जाड आवाज होतो, मग फांदी कडकडत खाली येते आणि तिच्याबरोबर लाल मुंग्यांचा पाऊस अंगावर पडतो. आमच्याकडे हा हंगाम फुलांचा नव्हे, तोडणीचा. त्याला आम्ही कवळतोड म्हणायचो. भाताच्या रोपांचा तरवा पेरायची जमीन पावसाआधी भाजून घ्यावी लागे. भाजायला पाला आणि फांद्या, म्हणजे कवळं, लागत आणि त्या माघापासून तोडून, मोळ्या बांधून वाळत ठेवाव्या लागत. त्यात सुंदर असं काही नव्हतं. हाताला चीक लागे, मानेत पाला जाई, संध्याकाळी कंबर धरून बसावं लागे. तरी माझ्या लेखी वसंत ऋतू तोच. ज्याला पळस बघायचा त्याने खुशाल बघावा.

आता कवळं कोणी तोडत नाही. खताची गोणी फोडली की काम झालं. पण आज सकाळी ओढ्यापलीकडे कुणी तरी हट्टाने भाजावळ केली असावी. खिडकीतून धूर आत आला. शेणी, पाला आणि वरची माती एकदम तापली की जो वास येतो तो दुसऱ्या कशाला येत नाही. मी हातातली भाजी तशीच ठेवून पडवीत येऊन बसले. सूनबाई म्हणाली, डोळ्यांत धूर जाईल, आत या. गेल्या वर्षी कुडाळला माझ्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले, तेव्हापासून माझ्या डोळ्यांची काळजी माझ्यापेक्षा तिलाच जास्त. चहा निवायच्या आत ते काम झालं होतं. डॉक्टरांनी पट्टी काढल्यावर विचारलं, आजी, दिसतंय ना? मी हो म्हटलं आणि मला रडू आलं. त्यांना वाटलं आनंदाने. होऊ दे त्यांचा समज तसा.

याच घरात डोळ्यांवरून एकदा असं रामायण झालं होतं की गाव आमच्याशी बोलेनासा झाला.

माझं माहेर तारकर्लीचं. माडांच्या सावलीत वाढलेली मी, घाटाच्या पायथ्याशी सून होऊन आले तेव्हा मला डोंगर म्हणजे भिंत वाटायचा. वर आंबोली. तिथून ढग उतरायचे आणि आमच्या अंगणात येऊन बसायचे. सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा तेव्हा नव्हता. आम्ही रत्नागिरी जिल्ह्याचे, आणि रत्नागिरी कुठे आहे हे आमच्यातल्या कुणाला धड ठाऊक नव्हतं. एकोणीसशे साठच्या आगेमागचा काळ. सासरी माणसं तीनच: मी, माझे यजमान बाबल, आणि त्यांची आई भागीरथी. सासरे केव्हाच गेलेले. सासूबाई उंच, हाडापेराने रुंद, आणि जीभ अशी की बोलल्या तर बैलानेही कान हलवावे. मला त्या नावाने कधी हाक मारत नसत. ‘दर्यावैली’ म्हणत. समुद्राकडची. पहिल्या वर्षी मी त्यावर रडायचे. दुसऱ्या वर्षी उलट उत्तर देऊ लागले, तेव्हा त्यांना बरं वाटलं.

त्यांचे डोळे त्याच सुमारास जायला लागले. आधी संध्याकाळी अडखळायच्या, मग भरदुपारी तांदळातला खडा दिसेना. यजमान त्यांना सावंतवाडीला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरने दिवा धरून पाहिलं आणि सांगितलं, हे मोतीबिंदूचं काम नाही, आतली नस सुकत चालली आहे, यावर आपल्याकडे औषध नाही.  घरी आल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, “डोळे जातले तर जाव देत गो. पण एकदा नातवाचा तोंड बघूक गावला म्हणजे झाला.” मला नुकतेच दिवस गेले होते. त्यांच्याखेरीज ते कुणाला सांगितलंही नव्हतं.

यजमानांचा आईवर फार जीव. बापामागे तिने एकटीने नांगर धरून त्यांना वाढवलं होतं, आणि बाईने नांगर धरला म्हणून गावाने नावं ठेवली तेव्हा तिने दुसऱ्या दिवशी मुद्दाम देवळासमोरचा मळा नांगरायला घेतला होता. अशा आईला चाचपडताना बघणं त्यांना सोसत नव्हतं. बोलायचे नाहीत, पण जेवताना आईचा हात ताटाबाहेर पडला की त्यांचा घास हातातच राहायचा.

तर त्या वर्षी माघ संपता संपता आम्ही कवळं तोडायला वरच्या रानात गेलो होतो. यजमान किंजळीवर चढलेले. खाली मी, सासूबाई आणि शेजारची आनशी मोळ्या बांधत होतो. सासूबाईंना फांदी दिसत नव्हती, पण मोळी त्यांचीच सगळ्यांत घट्ट. वरून एक वेलीत गुरफटलेली फांदी खाली आली आणि तिच्यात राखाडी रंगाचा एक गोळा होता. मला घरटं वाटलं. मी हात घातला आणि त्या गोळ्याने माझं बोट धरलं.

ओरडले मी. एवढ्याशा अंगाला केवढी ती पकड! तो गोळा उलगडला. काटक्यांसारखे हात, तसेच पाय, शेपूट नाही, आणि तोंडावर फक्त डोळे. बाकी सगळं देवाने डोळे झाल्यावर उरल्यासुरल्यातून केलं असावं. सुपारीएवढे गोल, तपकिरी, भोवती काळसर वळं. उजेडाने त्याने ते मिटले आणि डोकं पुन्हा मांड्यांत घातलं. झाडावरून पडलेला, चार माणसांत सापडलेला, आणि झोपायचं ते झोपायचंच असा त्याचा खाक्या.

“वनमाणूस!” आनशी म्हणाली. मग आवाज खाली आणून, सासूबाईंकडे बघत, “बाबल, तुझ्या आवशीचा काम झाला रे.”

शहरातली माणसं या प्राण्याला ‘लाजवंती’ म्हणतात असं मला हल्ली कळलं. हल्ली आंबोलीला बॅटऱ्या घेऊन माणसं येतात, बेडूक बघतात, साप बघतात, त्यांच्यापैकीच एक मुलगी आमच्याकडे पाणी प्यायला थांबली होती, तिने सांगितलं. लाजवंती! लाजण्यासारखं काय केलं होतं त्याने? लाजायचं ते आम्ही. आमच्या लोकांनी निदान त्याला माणूस तरी म्हटलं होतं. पण त्याच लोकांचा असाही ठाम समज होता की वनमाणसाचे डोळे जिवंतपणी काढून, तेलात घोटून ते तेल आंधळ्याच्या डोळ्यांत घातलं की गेलेली नजर परत येते. अंधारात दिसणारे डोळे, तर अंधार झालेल्या डोळ्यांना ते लागू पडणारच, असा तो हिशोब. यजमानांनी मुंडाशाच्या कापडात त्याला गुंडाळलं. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी हसू होतं. त्या हसण्याचा मला तेव्हाही राग आला नाही, आजही येत नाही. आईचे डोळे मिळणार म्हणून हसणाऱ्या मुलावर कोण रागावेल?

घरी आणून त्याला कोंबड्या झाकायच्या बांबूच्या डालग्याखाली ठेवलं आणि वर वरवंटा. गावच्या घाड्याला निरोप गेला. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान घाड्याचा, आणि अशी औषधंही तोच करायचा. तातू घाडी त्याचं नाव. त्याने कळवलं की सोमवारी देवळात कौल लावू, देवाने होकार दिला तर तिथेच काम उरकू. तोवर जीव जगवा, मेलेल्याचे डोळे चालत नाहीत.

जगवायचं काम माझ्याकडे आलं. तो काय खातो हे कुणाला ठाऊक? मी केळं ठेवलं, खाल्लं नाही. भात ठेवला, त्यावर लघवी केली आणि तीच हातापायांना चोळून बसला. मी नाकाला पदर लावला, तशी सासूबाई म्हणाल्या, “माणूस मां तो? मगे पेज दी तेका. पेज आणि आंब्याची फोड.” आणि खरंच, मी करवंटीत पेज आणि लोणच्याची फोड ठेवली! नावच माणूस पडलेलं, तर पेजेवाचून कसा जगेल, असं त्या क्षणी आम्हा दोघींनाही अगदी रास्त वाटलं. पेजेला तो शिवला नाही. शेवटी दिवेलागणीला एक नाकतोडा उडत डालग्याच्या भोकातून आत गेला. वनमाणूस जागा झाला, एक पाय उचलला, थांबला, दुसरा उचलला, थांबला, आणि मग दोन्ही हातांनी झटकन तो धरला. कुरकुर आवाज करत डोळे मिटून खाल्ला. मी सासूबाईंना सांगितलं. त्या खूश झाल्या. दुसऱ्या दिवसापासून गर्भार सून परसात नाकतोडे पकडत फिरते आहे, हे वाडीने पाहिलं.

सासूबाई डालग्याशेजारी सूप घेऊन बसायच्या. दिवसभर तो झोपलेला असायचा आणि त्या त्याच्याशी बोलायच्या. “दिसाक तुका दिसणा नाय, माका पण दिसणा नाय. तुका रातचा तरी दिसता मेल्या.” मला हसू यायचं आणि लगेच मी दिवस मोजायचे. सोमवार जवळ येत होता.

आता माझी पंचाईत ऐका. डालगं उचलावं आणि त्याला पाठच्या चिव्याच्या बांबूंच्या बेटात सोडून द्यावं, असं माझ्या मनात दिवसातून दहादा यायचं. पण मी सून. सासूची नजर परत येण्याचं औषध सुनेने पळवलं, म्हणजे काय झालं? सासू आंधळी राहिलेलीच सुनेला हवी होती. आधीच विहिरीवर बायका मला चिडवायच्या, “तुझा बरा आसा गो, सासूक दिसणा नाय, तूप कितीय खा.” त्यात मी असं केलं असतं तर जन्माचा डाग. आणि जन्माचा डाग जाऊ दे. मला स्वतःलाच कुठे ठाऊक होतं की औषध खोटं आहे? खरं असलं तर? ज्या बाईने मला दर्यावैली म्हणता म्हणता डोहाळ्यांची चिंच रानातून चाचपडत आणून दिली, तिची नजर मी घालवायची?

रविवारी संध्याकाळी त्यांनी मला जवळ बसवलं. “डोळे कशे आसत गो तेचे? सांग बघू.”

“मोठे आहेत,” मी म्हटलं.

“ता माका म्हायत आसा. बघता कसो?”

मी डालग्याच्या भोकातून पाहिलं. तो जागा झाला होता आणि माझ्याकडे बघत होता. मी जमेल तसं सांगितलं. म्हटलं, भीक मागत नाही, घाबरतही नाही. आपलं घर आहे आणि आपण त्याच्या दारात आलो आहोत, असा बघतो. सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “तुका काय वाटता?”

“मी काय सांगू? मी सून.”

“सून मगे मुकी आसता?” त्या खेकसल्या आणि उठून आत गेल्या.

आमचं देऊळ गावाबाहेरच्या राईत आहे. त्या राईतलं पानही कुणी तोडत नाही, वाळकी काटकीसुद्धा चुलीत घालत नाही. बाहेर फाल्गुनाचं ऊन तापलेलं आणि राईत मात्र तळघरासारखा थंडावा. सोमवारी दुपारी सारी वाडी जमली. डालगं यजमानांनी डोक्यावरून आणलं, खाली एक फळी आणि वर तोच वरवंटा धरून. घाड्याने सुरी आणि तेलाची वाटी एका केळीच्या पानावर मांडून ठेवली होती. मी सासूबाईंचा हात धरून उभी होते. 

गुरवाने पाषाणावर पाणी मारून डावी-उजवीकडे पाकळ्या चिकटवल्या. घाड्याने देवाला विचारलं, “म्हाराजा, ह्या औषध भागीरथीच्या डोळ्यांक लागू पडात काय? पडात तर उजवो दी.”  पाकळी हलली, घसरली आणि पडली. उजवी. बायकांनी हात जोडले. यजमानांचे डोळे भरून आले. आणि माझं म्हणाल तर, मला देवाचा राग आला. त्या दिवशी आला तो आला, नंतर मी त्याच्याशी मिटतं घेतलं, पण ते नंतर.

मग घाड्याने गाऱ्हाणं सुरू केलं. ज्यांनी कोकणातलं गाऱ्हाणं ऐकलं नाही त्यांना सांगते, ते देवासमोर एकट्याचं बोलणं नसतं. एकजण बोलतो आणि प्रत्येक वाक्याला सारी मंडळी एका सुरात होकार भरते. होकार न भरणं असा प्रकारच नाही. लहान मूलही झोपेत होकार भरतं.

“बा रे म्हाराजा, ह्या राईच्या धन्या, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत...”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या वाडीतल्या माणसांक, गुरां-वासरांक तू आजवर राखलंस, तशीच राखण करीत रव...”

“व्हय म्हाराजा!”

“भागीरथीच्या डोळ्यांक जा औषध गावला, तेका तू उजवो कौल दिलंस. ता औषध आता करतंव, ता तू मानून घी...”

“नाय म्हाराजा!”

राईतली पाखरं उडाली असं मी म्हणणार नाही. काही उडालं नाही.  सगळ्यांचा होकार राहून गेला, कारण त्याआधी तो एक नकार येऊन पडला होता, खणखणीत, आणि तो माझ्या शेजारून आला होता.

“आये!” यजमान म्हणाले. “अगो, देवान कौल दिल्यान!”

“दिल्यान. तुमी इचारलास, औषध लागू पडात काय. देवान सांगल्यान, पडात. देव खोटा कित्याक सांगात? पण भागी ता घेवक तयार आसा काय, ह्या खंय इचारलास? ता देवाक इचारूचा न्हय. ता माका इचारूचा. आणि मी घेवचंय नाय.”

घाडी लाल झाला. “देवाच्या शबदाक नाय म्हणतंस?”

“देवाक खंय नाय म्हणतंय? तुका म्हणतंय.”

मागे कुणीतरी खुसखुसलं आणि लगेच खोकल्यात घातलं. सासूबाईंनी माझा हात सोडला आणि दोन पावलं पुढे झाल्या. “आताच गाऱ्हाण्यात काय मागलंस तू? वाडीतल्या माणसांक राख. आणि ह्येचा नाव काय? माणूस. तुझ्या आज्यान ठेवल्यान ता नाव, माझ्या आज्यान ठेवल्यान. मगे एका माणसाचे डोळे काडून दुसऱ्या माणसाक घालूचे, ही खंयची राखण?”

“तो नावाचो माणूस गो!” घाडी ओरडला.

“आणि आपण कसले रे? आपण पण नावाचेच मां?”

 यजमान पुढे आले, आईचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांदेखत रडले. म्हणाले, नंतर पस्तावशील, मी पाया पडतो, ऐक. तिने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. तेव्हा तिला माणसाचा आकार तेवढा दिसायचा, चेहरा नाही. म्हणाली, “झिला, तुझा तोंड माका पाठ आसा.” आणि मग मान न वळवता, “सुने, डालगा उचल.”

सगळी वाडी माझ्याकडे बघायला लागली. आनशीचे डोळे तर मला आजही दिसतात. उचललंस तर तू कोण ते आम्हाला कळलं, असं त्यांत स्पष्ट लिहिलेलं. यजमानांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, नको. मी तोवर त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. मी वरवंटा बाजूला ठेवला आणि डालगं उचललं.

तो पळेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. झटकन गेला असता तर सगळं झटकन मिटलं असतं. पण तो वनमाणूस! उजेडात डोळे किलकिले करून त्याने आधी आम्हा सगळ्यांची हजेरी घेतली. मग एक हात पुढे. थांबला. मग एक पाय. थांबला. समोरच्या कुंभ्याच्या झाडापर्यंत तीन-चार हातांचं अंतर, पण ते त्याने असं कापलं की माणसं उभ्याने दमली. सुरी तिथे, तेल तिथे, घाडी तिथे. कुणीही वाकून त्याला पुन्हा धरू शकलं असतं. कुणी धरला नाही. त्याच्या त्या चालीत काहीतरी असं होतं की हात घालायचा धीर होईना. खोडापाशी पोचल्यावर तो वर चढू लागला, तोही तसाच, एकेक बोट ठेवत, मागे न बघता. पानांत दिसेनासा होईपर्यंत सारी वाडी माना वर करून उभी होती. सासूबाई विचारत होत्या, “गेलो? गेलो काय गो?” मी म्हणत होते, “जातोय. अजून जातोय.”

आयुष्यात मी पुढे पुष्कळ नाही म्हटलं. मुलींना शाळेतून काढायला नाही म्हटलं, वरचं रान कोळशाच्या भट्टीवाल्याला विकायला नाही म्हटलं. दरवेळी लोक घाई करायचे, आणि मला तो कुंभ्यावर चढताना दिसायचा. घाई करायची नाही. एक हात, मग एक पाय.

त्या हंगामात मात्र आम्ही भोगलं. आमच्याकडे मदतीला कोणी येईना. ‘देवाला नाय म्हणणारी’ असं सासूबाईंचं नाव पडलं आणि मी ‘डालगं उचलणारी’. यजमान घरात असून नसल्यासारखे, आईशी बोलणं टाकलेलं. चैत्रात भाजावळीचे दिवस आले तेव्हा ते पायलीभर भाताच्या मजुरीवर दुसऱ्यांकडे कामाला गेले आणि आमचे वाफे तसेच पडून राहिले. सासूबाई म्हणाल्या, “चल गो. माका आग दिसाची गरज नाय.” आम्ही दोघींनी शेणी पसरल्या, त्यावर कवळं, त्यावर वाळकी पानं, वर माती. आग वाऱ्याच्या तोंडाला लावायची नसते, पाठीकडून लावायची, म्हणजे ती सावकाश भाजत येते. सासूबाई बांधावर उभ्या राहून गालाला लागणाऱ्या धगेवरून सांगायच्या, डावीकडे विझली, तिथे पाला टाक. धुराने माझे डोळे वाहत होते. त्यांचे नव्हते वाहत. वाडीतले सगळे वाफे काळे झाले तसे आमचेही झाले. पाऊस पडल्यावर आमचाही तरवा उगवला, तितकाच हिरवा. देवाने काही भेदभाव केला नाही, मग मीही त्याच्याशी मिटतं घेतलं.

ज्येष्ठात त्यांना दिसायचं पूर्ण थांबलं. सकाळी उठून त्यांनी मला विचारलं, “दिवस उजाडलो काय?” उजाडून कितीतरी वेळ झाला होता. दारात ऊन होतं. यजमान चुलीपाशी बसले होते, त्यांनी ऐकलं. ते उठले, माझ्या माहेराहून आलेली सुंभाची दोरी काढली आणि घरापासून विहिरीपर्यंत, आणि विहिरीपासून गोठ्यापर्यंत, खांब रोवून कमरेइतक्या उंचीवर बांधली. तेवढ्यात पाऊस आला, तरी थांबले नाहीत. सासूबाईंचा हात दोरीला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, “मेल्या, माका काय म्हशीसारखी बांधतंस?” आणि ती दोरी धरून विहिरीपर्यंत गेल्या, भरली कळशी घेऊन परत आल्या. त्या दिवसापासून मायलेक पुन्हा बोलू लागले.

आज धुरात बसून मी विचार करते, त्यांना वाईट वाटलं नसेल का? वाटलं. मी पाहिलं आहे ते. तांदूळ निवडताना हात मध्येच थांबायचा आणि चेहरा असा व्हायचा की मी तिथून उठून जायचे. अंधार काही गोड नसतो. जे म्हणतात की मनाच्या डोळ्यांनी सगळं दिसतं, त्यांनी एक दिवस डोळे बांधून चूल पेटवून पाहावी. त्यांना सगळं कळत होतं, काय गेलं आणि कशासाठी गेलं. तरी कधी ‘चुकलंय’ म्हणाल्या नाहीत, आणि कुणी म्हणवून घ्यायला आलं तर त्याला पाणी न देता परत पाठवत.

माझी मुलगी तारकर्लीला जन्मली, श्रावणात. आश्विनात भात कापणीला आलं तेव्हा मी तिला घेऊन सासरी आले. वाडीतल्या बायकांचा अबोला एवढ्या मोठ्या बातमीपुढे टिकण्यासारखा नव्हता. आल्या सगळ्या. कुणी झबलं आणलं, कुणी नारळ. आनशीने कुंची शिवून आणली होती. पडवीत दाटी झाली. मी पोर सासूबाईंच्या मांडीवर दिली. त्यांनी आधी तिचे पाय चाचपले, मग पोट, मग हळूच गाल. मी सांगत होते, रंग यांचा आहे, केस दाट आहेत. पोर टक्क जागी होती आणि आजीच्या तोंडाकडे बघत होती. आजीची नजर तिच्या डोक्यावरून पलीकडे भिंतीवर होती.

ते बघून आनशीला राहवलं नाही. वाईट बुद्धीने नव्हे, तिचे डोळे खरंच ओले होते. म्हणाली, “भागी, किती गोड चेडू गो! तेव्हा आयकला असतंस तर आज नातीचा तोंड बघूक गावला असता.”

बाकीच्या बायकांनी खाली पाहिलं, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. दारात उभ्या असलेल्या यजमानांच्याही मनात होतं. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्याही.

सासूबाईंनी पोरीला उचलून छातीशी धरलं आणि आवाज आला त्या बाजूला तोंड फिरवलं.

“गावला असता,” त्या म्हणाल्या. “आणि मोठी झाल्यार हिणा माका इचारल्यान असता, गो आजी, माका तू पयल्यांदा कोणाच्या डोळ्यांनी बघलंस? मगे काय सांगलं असतंय, आनशी?”